पैनगंगेचा चार फुटांचा तुकडा

बुलढाणा शहरावर पडणारा पाऊस दोन समुद्रांना जातो. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावर हे गाव वसलंय. दक्षिणेला ओघळलेलं पाणी पैनगंगेत उतरतं आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशा वाटेनं बंगालच्या उपसागराला मिळतं. उत्तरेच्या उतारावरून खाली गेलेलं पाणी विश्वगंगा, नळगंगा, ज्ञानगंगा यांच्यातून पूर्णेला, पूर्णेतून तापीला आणि तापीतून अरबी समुद्राला पोचतं. जिल्ह्यातली माणसं एकमेकांना ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ म्हणून ओळखतात. पाण्याच्या बाबतीत ही ओळख अक्षरशः खरी आहे.

या पाणलोटाच्या रेषेजवळच काचेच्या टाक्या जोडणाऱ्या एका कारागिराचं छोटं दुकान आहे. पोरं त्यांना टाकीवाले काका म्हणतात. काच कापायची, कडा घासायच्या, सिलिकॉन भरायचं, पाणी भरून गळती बघायची आणि टेम्पोत घालून टाकी गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायची, हा त्यांचा कित्येक वर्षांचा धंदा. दवाखान्यांच्या प्रतीक्षाखोल्या, हॉटेलं, नव्या बंगल्यांचे दिवाणखाने ही त्यांची नेहमीची ठिकाणं. मासेही ठरलेले: गोल्डफिश, फायटर, एंजल, ऐपतदार घरात फ्लॉवरहॉर्न नाहीतर अरोवाना. चेन्नई-कोलकात्याच्या बाजारातून ते प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत येतात. टाकीत निळे-गुलाबी खडे, प्लॅस्टिकची झाडं आणि बुडबुडे सोडणारा एखादा खजिन्याचा पेटारा.

पैनगंगेच्या वरच्या अंगाला असलेल्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी त्यांना वेगळंच काम सांगितलं. “काका, आपल्याच नदीतले मासे ठेवता येतील का हो? पोरांना गोल्डफिश माहीत आहे, मळ्या माहीत नाही.”

काका नदीकाठच्या गावात वाढलेले. लहानपणी चड्डीच्या खिशात मुरी घालून घरी आणलेली त्यांना आठवत होती. पण इतकी वर्षं टाक्या बनवूनही आपल्या नदीतला एकही मासा त्यांनी कधी काचेआड ठेवला नव्हता, कारण तो कुणी मागितलाच नव्हता. त्यांनी काम घेतलं आणि पहिली अट स्वतःलाच घातली: टाकी पैनगंगेची, तर मासेही पैनगंगेचेच. घाटाखालच्या नळगंगेतला मासा तिच्यात घालायचा नाही. दिसायला सारखे असले तरी ती कुळं वेगवेगळ्या नद्यांची आहेत. त्यांना एकत्र ठेवलं तर पाहणाऱ्या पोराला खोटी नदी दिसणार.

पावसाळा ओसरून पाणी निवळलं की नदी वाचायला सोपी होते. काका त्या दिवसांत बाई आणि चार पोरांना घेऊन नदीवर गेले. सोबत जाळी आणली होती, पण आधी नुसतं काठावर बसून पाहायचं ठरलं. थोड्या वेळात लक्षात आलं की ही एक नदी नाहीच, तीन-चार वेगवेगळ्या वस्त्या एकमेकींना चिकटून आहेत. दगडांवरून खळाळत येणारं उथळ पाणी, त्याखाली संथ डोह, डोहाच्या कडेला करंज आणि उंबराच्या मुळ्यांत अडकलेला पाचोळा, आणि पुढे वाळूचा पसरट पट्टा. प्रत्येक ठिकाणचे रहिवासी ठरलेले. खळाळात मळ्या. त्याच्या वरच्या पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून पोहणारे, अंगावर निळ्या-सोनेरी रेघा असलेले डॅनिओ. डोहात तोंडापासून शेपटीपर्यंत काळी पट्टी असलेली दांडवण. मुळ्यांच्या आडोशाला अंगावर दोन काळे ठिपके असलेली इवलीशी खवली. वाळूत मुरी. आणि अगदी कडेला, पानांखाली, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला डोक.

फेकजाळं वाळत घालणारे एक म्हातारे भोईबुवा लांबून हे सगळं बघत होते. शेवटी ते उठून आले. “काय शोधून राह्यले भाऊ?” काकांनी मळ्या म्हटल्यावर ते हसले, पाण्यात उतरले आणि एक काळा गोटा अलगद उचलून त्यांनी उलटा धरला. गोट्याच्या अंगावर हिरवट-तपकिरी चिकट थर होता आणि त्यात ओठांनी खरवडल्याच्या खुणा. “हे पाहा, हे त्याचं खाणं. अन् गोटा हे त्याचं घर. गोटा नाही राह्यला त मळ्या कायले राहीन तठी?”

पुढे टाकी बांधताना काकांनी जे जे केलं, त्याचा पाया बुवांच्या या वाक्यात होता.

मळ्या हा दिसायला साधा मासा. बोटाएवढा, तपकिरी, पोट चपटं. हनुवटीखाली त्याला एक गोल चकती असते. तिच्या आणि पसरट परांच्या जोरावर तो वाहत्या पाण्यात दगडाला धरून राहतो. शास्त्रज्ञ त्याला गॅरा मुल्या म्हणतात. विल्यम हेन्री साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं १८३९ साली दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली, तेव्हा बऱ्याच माशांना त्यानं इथल्या कोळी-भोयांच्या तोंडची नावंच दिली. मळ्याचं मुल्या, मुरीचं मूरेह, खुद्रेचं खुद्री, घोगऱ्याचं गोग्रा. जगभरच्या संग्रहालयांत आज ती नावं चिठ्ठ्यांवर आहेत. आपल्या पाठ्यपुस्तकांत ती सापडत नाहीत, हे बाईंना फार लागलं.

वाहत्या पाण्यातल्या माशांच्या अंगावर प्रवाहानं काय काय घडवलं, याचा आयुष्यभर अभ्यास केला तो सुंदरलाल होरा यांनी. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे ते संचालक होते. चकत्या, चिकट पोटं, आडवे पसरलेले पर या सगळ्यांचा संबंध त्यांनी खळाळत्या पाण्याशी जोडला. पूर्व हिमालयाकडचे डोंगरी ओढ्यांतले काही मासे सह्याद्रीत कसे सापडतात, या कोड्याला त्यांनी एक उत्तर सुचवलं होतं: विंध्य-सातपुड्याच्या रांगेवरून, ओढ्याओढ्यानं, हजारो पिढ्यांत ते पश्चिमेला सरकत आले असावेत. ‘सातपुडा सिद्धान्त’ या नावानं ते प्रसिद्ध आहे. पुढच्या संशोधकांनी, विशेषतः जनुकांच्या अभ्यासानंतर, त्यावर बरेच आक्षेप घेतले. तरीही जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या उत्तरेला उभा असलेला आपला सातपुडा माशांच्या इतिहासातल्या एवढ्या मोठ्या वादाचा नायक आहे, हे त्या तालुक्यांतल्या किती शाळांत सांगितलं जातं?

मासे कुठून घ्यायचे, हा प्रश्न काकांनी सुरुवातीलाच निकालात काढला. जिल्ह्यात ज्ञानगंगा आणि अंबाबरवा ही अभयारण्यं आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे अभयारण्यातून परवान्याशिवाय काहीही उचलता येत नाही, मग तो वाघ असो की मुरी. २०१९ च्या डिसेंबरात टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालून ज्ञानगंगेत पोचला, तेव्हा देशभरातल्या वर्तमानपत्रांत आपल्या जिल्ह्याचं नाव आलं. ते योग्यच होतं. त्याच जंगलातल्या ओढ्यात दगडाखाली राहणाऱ्या बोटभर माशालाही कायद्यानं तसाच हात लावता येत नाही, ही गोष्ट मात्र पोरांना मुद्दाम सांगावी लागली. मासे घेतले ते अभयारण्याबाहेरच्या नदीतून, भोईबुवांच्या मदतीनं, मोजके आणि लहान वयाचे. अंडी धरलेल्या माद्या तिथंच सोडल्या. डोक आणलाच नाही. देखणा मासा, नर तोंडात अंडी आणि पिल्लं सांभाळतो, हवेतून श्वास घेतो, ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या डबक्यात जातो. पण टाकीत त्यानं बाकीच्यांना शिल्लक ठेवलं नसतं.

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच घेतली. एवढ्या टाकीत अडीचशे लिटर पाणी बसतं. म्हणजे अडीचशे किलो नुसतं पाण्याचं वजन, वर काच, वाळू आणि गोटे. प्रयोगशाळेतल्या लाकडी टेबलाचं हे काम नव्हे. वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी अँगलचा स्टँड करून घेतला, पाय फरशीच्या सांध्यावर येणार नाहीत असे मापून बसवले, आणि काचेखाली थर्माकोलचा पत्रा घातला, म्हणजे फरशीचा उंचसखलपणा काचेला जाणवत नाही.

दगडांचा प्रश्न आपल्याकडे वाटतो तितका सोपा नाही. दख्खनचा काळा बेसॉल्ट पाण्यात जवळजवळ काही सोडत नाही, त्यामुळे तो बिनधास्त चालतो. पण त्याच नदीच्या पात्रात चुनखडीचे खडेही पडलेले असतात, आणि ते पाणी हळूहळू जड करत राहतात. काकांनी पोरांना व्हिनेगरची बाटली दिली. दगडावर थेंब टाकायचा. फसफसला तर बाजूला. त्या तासाला वर्गात कुणाला उठवावं लागलं नाही. पोरांनी शाळेच्या आवारातले, रस्त्यावरचे दगड, अगदी मुख्याध्यापकांच्या टेबलावरचा पेपरवेटसुद्धा तपासला.

पाण्याचा विचार त्याहून अवघड. नळाचं पाणी आलं की पिंपं भरून ठेवायची आणि एक दिवस उघडी ठेवायची, म्हणजे ब्लिचिंग पावडरचा क्लोरिन उडून जातो. विहिरी-बोअरचं पाणी आपल्याकडे बहुधा जड आणि अल्कधर्मी. घाटाखाली पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर बोअरच्या पाण्याचा विचारच नको. अल्कधर्मी पाण्याचा धोका माशाच्या कल्ल्यांतून बाहेर पडणाऱ्या आणि विष्ठेतून तयार होणाऱ्या अमोनियात असतो. पंचवीस अंश तापमानाला पीएच सात असेल तर अमोनियाचा अर्धा टक्काच विषारी रूपात असतो. पीएच आठ झाला की तोच वाटा पाच टक्क्यांच्या वर जातो. पाणी तेच, मासे तेवढेच, विष दहापट. दुकानात “पाणी बदललं आणि मासे मेले” अशी तक्रार घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांना काका आता हे गणित कागदावर करून दाखवतात.

या विषावर उतारा जिवाणूंचा. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. पण त्यांची वस्ती वाळूत, दगडांवर, फिल्टरच्या स्पंजात बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस टाकीत नुसतं पाणी, दगड आणि पानं. पोरं रोज येऊन विचारायची, “काका, मासे काहून नाही सोडले अजून?” काचेमागं काहीच हलत नसलेल्या टाकीकडे बघत थांबायला लावणं, हा काकांच्या मते या कामातला सगळ्यात अवघड भाग. दुकानात कुणी गिऱ्हाईक थांबत नाही. टाकी आज, मासे आजच. इथं बाई ठाम राहिल्या म्हणून जमलं.

आता प्रवाह. साध्या टाकीत पाणी गोल-गोल फिरतं. नदीत ते एका दिशेनं जातं आणि मासे त्या दिशेवर आपलं सगळं आयुष्य बेततात. म्हणून काकांनी वाळूखाली टाकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पीव्हीसीचे पाइप टाकले. उजव्या टोकाला स्पंजमधून पाणी पाइपात शिरतं, खालून डाव्या टोकाला जातं, तिथले पंप ते वर ओढून पुन्हा उजवीकडे फेकतात. वरून पाहिलं तर पाणी सतत डावीकडून उजवीकडे वाहतंय. परदेशातले खळाळातले मासे पाळणारे लोक ही रचना फार दिवसांपासून वापरतात. पंप तासाला अडीच-तीन हजार लिटर पाणी फिरवणारे हवेत. आपल्याकडे स्वस्तात मिळते ती कूलरची मोटर, आणि पहिला विचार तिचाच येतो. काकांनी तो झटकून टाकला. तिची वायर, तिचे जोड हे दिवसरात्र पाण्यात राहण्यासाठी केलेले नसतात, आणि टाकीत हात घालणार होती शाळेची पोरं. पंप मत्स्यटाकीचेच घेतले आणि बोर्डावर शॉक लागताच वीज तोडणारा स्विच बसवला. या दोन गोष्टींत पैसे वाचवू नयेत, असं ते भेटेल त्याला सांगतात.

गोटे मांडायचे दोन दिवस काकांना धंद्यातल्या सगळ्या दिवसांपेक्षा आवडले. मोठे गोटे थेट काचेच्या तळाशी टेकवले आणि वाळू नंतर ओतली, नाहीतर मुरी वाळू उकरते आणि गोटा कलंडून काच फोडतो. गोट्यांखाली फटी ठेवल्या. प्रवाहाच्या तोंडाशी दगड, मध्ये बारीक खडे, उजव्या टोकाला संथ कोपरा, तिथं वाळू, उंबराची वाळलेली मुळी आणि उकळून घेतलेली जांभळा-उंबराची पानं. पानांचा रंग उतरून पाणी फिकट चहासारखं झालं. शाळेत आलेल्या एका पालकानं ते पाहून “पाणी बदला” असं सुचवलं. बाईंनी त्यांना नदीवर येण्याचं निमंत्रण दिलं.

जपानच्या ताकाशी आमानो यांनी १९८० च्या दशकापासून टाकीत रानं उभी करायला सुरुवात केली आणि जगभरचे मत्स्यपाळ त्यांच्या मागं गेले. लिस्बनच्या मत्स्यालयात २०१५ साली त्यांनी चाळीस मीटर लांबीचं पाण्याखालचं अरण्य उभारलं. ते त्यांचं शेवटचं मोठं काम ठरलं. काकांना आमानोंबद्दल आदर आहे. पण आमानोंची टाकी बागेच्या जवळची आहे. तिथं झाड, दगड आणि मासा यांची निवड डोळ्याला काय भावतं यावर होते. शाळेच्या टाकीला ती मोकळीक नव्हती. एखादा गोटा देखणा दिसतो म्हणून नव्हे, तर त्याखाली मळ्याला फट मिळते म्हणून तिथं ठेवायचा. पैनगंगेच्या त्या पट्ट्यात लाल पानांची झाडं नाहीत, तर टाकीतही नाहीत. संथ कोपऱ्यात व्हॅलिसनेरियाच्या लांब पट्ट्या लावल्या, कारण ती आपल्या नद्यांच्या संथ पाण्यात खरोखर वाढते. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं १८४९ च्या सुमाराला टाकीतलं जीवन समतोल राहतं का हे पाहण्यासाठी दोन गोल्डफिशांसोबत हीच वनस्पती घेतली होती. तिची पानं कुजू लागली, तेव्हा ती खायला त्यानं पाण्यातल्या गोगलगायी सोडल्या आणि पाणी निवळलं. आधुनिक मत्स्यटाकीच्या जन्मकथेतली ही वनस्पती बाईंनी मुलांना त्यांच्याच नदीत दाखवली.

मळ्यासाठी मात्र खास सोय लागली. त्याचं खाणं दुकानात मिळत नाही. काकांनी शाळेच्या गच्चीवर उन्हात दोन टब ठेवले, त्यात पाणी आणि गोटे. काही आठवड्यांत गोट्यांवर शेवाळाचा थर चढतो. मग ते टाकीत जातात आणि खरवडून चकचकीत झालेले टाकीतले गोटे परत उन्हात येतात. ही अदलाबदल करण्याची पाळी पोरांनी वाटून घेतली आणि ती चुकवली नाही.

मासे सोडल्यावर काय झालं, ते शाळेच्या वहीत नोंदवून ठेवलंय. डॅनिओ पहिल्या तासात प्रवाहाच्या तोंडाशी गेले आणि तिथंच राहिले. ते उंच उडी मारतात, म्हणून टाकीवर जाळीचं झाकण लागलं. मळ्यांनी पहिले काही दिवस तोंड दाखवलं नाही. नंतर एकेकानं आपापला गोटा ठरवला आणि दुसरा जवळ आला की त्याला ढुशी देऊन हाकलू लागला. शांत, बापडा समजला जाणारा हा मासा घराच्या बाबतीत फार कडक आहे. मुरी सुपात धान्य पाखडावं तशी तोंडात वाळू घेऊन कल्ल्यांतून बाहेर टाकत फिरायची आणि कुणी जवळ आलं की डोळ्यांपर्यंत वाळूत शिरायची. खवलीचे नर रंगात आले, पाठीच्या परावर काळे ठिपके आणि अंगावर तांबूस छटा. नदीत वरून पाहताना हे कधी दिसलंच नव्हतं. दांडवणी संथ कोपऱ्यात थव्यानं राहिल्या आणि पोरांनी डबक्यातून आणलेल्या डासांच्या अळ्यांवर तुटून पडल्या.

बॅरिलिअस नावाचा, अंगावर निळसर उभे पट्टे असलेला मासा आणायचा मोह सगळ्यांनाच झाला होता. त्याला प्राणवायू भरपूर लागतो, आणि पिशवीतला प्रवासही तो अनेकदा सोसत नाही. बुवांनीच सांगितलं, “त्याले नका नेऊ, मरते तो.” तो नदीतच राहिला.

उन्हाळा हीच आपल्याकडची परीक्षा. बुलढाणा शहर घाटमाथ्यावर असल्यानं जरा थंड, पण मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतलं पाणी सहज तापतं, आणि घाटाखाली मलकापूर-शेगावकडे तर विचारूच नये. पाणी तापलं की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो: वीस अंशाला लिटरमागे नऊ मिलिग्रॅम, तीस अंशाला साडेसात. नेमक्या त्याच वेळी माशाची भूक आणि श्वास वाढतो. काकांनी टाकी भिंतीच्या सावलीत ठेवली होती. उन्हाळ्यात झाकणाची जाळी तशीच ठेवून पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला. बाष्पीभवनानं पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, फक्त रोज घटलेलं पाणी भरावं लागतं. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. टाकीची तब्येत मुरीवरून कळते. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की ती वर येऊन हवेचा घोट घेते आणि आतड्यातून प्राणवायू शोषते. मुरी वारंवार वर येऊ लागली की शिपाईमामा कुणाला न विचारता पंखा लावतात.

नदीतल्या माशांना पंखा नाही. फेब्रुवारी-मार्चला आपले ओढे तुटतात, वाहतं पाणी थांबतं आणि जिथं डोह खोल असेल, वर झाडांची सावली असेल तिथंच मासे पावसाळ्यापर्यंत तग धरतात. जून-जुलैच्या पहिल्या पुरात हेच मासे चढणीला लागतात, वरच्या ओढ्यांत जाऊन अंडी घालतात आणि नदी पुन्हा भरते. म्हणजे उन्हाळ्यातला एक डोह हा वरच्या सगळ्या ओढ्यांचं बियाणं आहे. शाळेनं दुसऱ्या वर्षापासून टाकीच्या कामाला नदीवरच्या डोहांची यादी जोडली, ती याच कारणानं: कुठला मार्चमध्ये आटला, कुठला मेपर्यंत टिकला, कुठं पाण्यावर झाडाची सावली आहे.

या यादीतून पोरांनी दोन गोष्टी पुढे आणल्या. त्या सांगितल्याशिवाय ही हकीकत अर्धवट राहील.

एक, नदीत परके मासे फार झालेत. डासांवर उपाय म्हणून गावोगावी गप्पी मासे सोडले जातात. त्यांचा भाऊबंद गंबुसिया तर १९२८ पासून भारतात आहे. १९५२ साली तिलापिया आणला गेला. धरणांत सोडले जाणारे रोहू-कटला गंगेकडचे. शोभेच्या टाकीतून सुटलेला सकर मासा उजनी धरणात इतका वाढला की मच्छीमारांची जाळी त्यानं भरू लागली. गप्पी सिमेंटच्या टाकीत, बंद हौदात सोडला तर काही बिघडत नाही. पण जिवंत ओढ्यात आधीच दांडवण आहे, आणि ती डासांच्या अळ्या खाते. तिथं परका मासा सोडायची गरज काय? टाकीवाल्या काकांनी दुकानात पाटी लावली आहे: मासे नको झाले तर परत आणून द्या, नदीत सोडू नका. शाळेच्या टाकीतले मासेसुद्धा नदीत परत जात नाहीत, कारण टाकीतले रोग त्यांच्यासोबत जातील.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक. आपल्या जिल्ह्यानं टंचाई भोगली आहे, टँकरच्या रांगा पाहिल्या आहेत. २०१८ पासून ‘सुजलाम् सुफलाम्’ मोहिमेत तलावांतला गाळ निघाला. महामार्गाला माती आणि गावाला पाणीसाठा देणारा ‘बुलढाणा पॅटर्न’ देशभर नावाजला. त्याआधीही जलयुक्त शिवारात नाले रुंद-खोल झाले. हे काम लोकांनी मागितलेलं आहे आणि विहिरींना त्यानं पाणी आलं आहे. तलावातला गाळ काढणं चांगलंच. पण वाहत्या नाल्याचा तळ एका पातळीत खरडला, दगड-गोटे उचलून काठावर टाकले, काठाची करंजं-उंबरं तोडली की उरतो तो सरळ चर. त्यात पाणी थांबतं, पण खळाळ नाही, फटी नाहीत, सावली नाही. मुलांनी यादीसाठी पाहिलेल्या अशा एका पट्ट्यात पाणी भरपूर होतं आणि मळ्या एकही नव्हता. भोईबुवांना त्याचं मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

काकांचं म्हणणं असं की हे टाळायला फारसा खर्च येत नाही. चार फुटांच्या टाकीत जे करावं लागलं, तेच नाल्यात करायचं. खोलीकरण करताना आहेत ते जुने डोह तसेच ठेवावेत. दोन डोहांच्या मधला उथळ, गोट्यांचा पट्टा खरडू नये. खरडावाच लागला तर काढलेले गोटे काठावर न टाकता परत पात्रात पसरावेत. डोहावर सावली धरणारी झाडं राखावीत. पोकलेनवाल्याला हे कुणी सांगितलं तर तो ऐकतो, पण त्याला सांगणारं कुणीतरी तिथं उभं असावं लागतं.

महाराष्ट्रात ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावीच लागते आणि गावातल्या नाल्याच्या कामाबद्दल तिथं बोलता येतं. तुमच्या गावच्या नाल्याचं काम निघालं असेल तर पुढच्या सभेला जा, त्या नाल्यातले डोह कुठले ते एका कागदावर लिहून न्या, आणि गोटे पात्रातच राहू द्यावेत असा ठराव मागा.